घडीचं घोंगडं

आमच्या क्लबात सात माणसं. त्यातल्या सहांना मासे धरायचं वेड, आणि सातवा गुंडा पुकळे. गुंडानं नऊ वर्षांत एकदाही पाण्यात गळ टाकला नाही आणि एकही सहल चुकवली नाही. हे असं का, असा प्रश्न मला पडायला हवा होता, कारण क्लबचा सेक्रेटरी मी. पण सेक्रेटरीला दुसरेच प्रश्न फार. डिझेल किती लागेल, दशम्या कोण आणणार, आणि गुंडाचं ते वास मारणारं घोंगडं होडीत ठेवायचं कुठं.

आधी क्लबचं सांगतो. इस्लामपुरात मासेमारीचा क्लब म्हटलं की लोक हसतात, आणि खाऱ्या पाण्यातली फ्लाय फिशिंग म्हटलं की हसायचंही विसरतात. सगळा दोष सुभेदार जयराजचा. हा साताऱ्याकडचा गडी फौजेत असताना कुलूच्या बाजूला होता. तिथं एका साहेबानं त्याला ही विद्या शिकवली. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. नुसते केस आणि पिसं अशी बांधायची की पाण्यात तो किडा किंवा बारका मासा वाटावा. मग जड दोरी आसुडासारखी हवेत फिरवून तो गळ लांब फेकायचा. मासा लागला की ओढायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. पेन्शनीत आल्यावर सुभेदारानं आधी कृष्णेत हा खेळ करून बघितला. कृष्णेच्या माशांनी ढुंकून बघितलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, कोकणच्या खाड्यांत जिताडा असल्या पिसांवर झडप घालतो. झालं, क्लब निघाला. दर डिसेंबरात एक सहल, चार तासांची वाट आणि दोन भाड्याच्या होड्या.

मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं केमिस्ट होतो. आकड्यांत चूक झालेली मला खपत नाही, म्हणून भरतीचं वेळापत्रक सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. बायकोनं मात्र पहिल्याच वर्षी सगळ्या क्लबचा निकाल लावला. "धरून सोडायचाच हाय तर धरायचा कशाला? आन् त्यासाटनं समुद्रापतोर कशाला जायाचं? बंधाऱ्यावर जावा की." 

गुंडा आमच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. मूळचा आटपाडीकडच्या एका धनगरवाडीचा. मेंढरं विकून नोकरीला लागला, पण हात स्वस्थ बसेनात. स्टुलावर बसून लोकर पिंजायचा, नाहीतर सूत काढायचा. सुभेदार मला भेटायला आला तेव्हा त्याची नजर आधी त्या बोटांवर गेली. पुण्याहून मागवलेल्या आमच्या माश्या, म्हणजे हे पिसांचे गळ, दोन खेपांत विस्कटायच्या. सुभेदारानं खिशातून एक काढून गुंडाच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो काय म्हनायचा?" गुंडानं विचारलं.

"मासा ह्याला किडा समजतो."

"मासा येवडा खुळा असतो व्हय?" असं म्हणून गुंडानं तो उलटासुलटा करून बघितला, वास घेतला आणि ठेवून घेतला.

आठ दिवसांनी त्यानं तीन माश्या आणल्या. माडग्याळी मेंढीच्या कोकराची लोकर, काळ्या शेळीच्या शेपटीचे केस आणि गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस. दिसायला पुण्याच्या मालापेक्षा झोकदार. पण बादलीत टाकल्या तर तिन्ही वर तरंगत राहिल्या. आम्ही हसलो, गुंडा हसला नाही. मेंढीच्या अंगची चिकटाई लोकरीत राहते आणि पाणी आत शिरू देत नाही, घोंगडं पावसात टिकतं ते त्याच्यामुळंच, असं त्यानं आम्हाला समजावलं. मग रिठ्याच्या पाण्यात लोकर तीनदा धुतली आणि माश्या नव्यानं बांधल्या. त्या बुडाल्या. प्रत्येक माशीवर तो बिरोबाच्या भंडाऱ्याची चिमूट टाकायचा आणि मगच हातात द्यायचा. "जिताड्याला चालतो का रं बिरोबाचा भंडारा?" म्हणून मी चिडवायचो. तो म्हणायचा, "चाललं न्हाई तर परत आना." एकही परत न्यावी लागली नाही.

पहिल्या डझनभर माश्या हवाली करताना त्यानं एकच अट घातली.

"मला होडीत घ्या."

"पोहायला येतं का?"

"न्हाई."

"मासे खातोस?"

"न्हाई वो. वास सोसत न्हाई."

"मग होडीत बसून करणार काय?"

"बसनार," तो म्हणाला.

आणि खरंच, नऊ वर्षं तो नुसता बसला. होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, डोक्याला लाल पटका, मांडीवर ते घडी घातलेलं काळं घोंगडं. आमच्याकडं पाठ आणि डोळे काठावर. मला वाटायचं, पाण्याची भीती वाटते म्हणून गडी जमिनीवरची नजर काढत नाही. डिसेंबरातल्या पहाटेचा खारा वारा बोचायचा, गुंडाचे दात वाजायचे, पण त्या घोंगड्याची घडी त्यानं कधी मोडली नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे पांघर की! प्रदर्शनात मांडायला आणलंयस काय?" तो म्हणाला, "लागत न्हाई मला तेवडी थंडी." मी मनात म्हटलं, हा गडी महाकवडीचुंबक.

वाट मात्र गुंडाबरोबरच करावी. कराड सोडलं, पाटण गेलं, कोयनानगर मागं पडलं आणि कुंभार्ली घाट लागला की हा माणूस बोलायला लागायचा. एरवी दिवसाला दहा शब्द. घाटात टेम्पोची काच खाली करून तोंड बाहेर काढायचा. "हितं आमचा तळ पडायचा. ह्या वळनाला म्हाताऱ्याची घोडी घसरली हुती, भांडीकुंडी पार खाली दरीत. हितं पानी हुतं बगा, आता पाईप घातलाय." दिवाळी झाली की त्याचा बाप शंभर-दीडशे मेंढरं, दोन घोड्या, चार कुत्री आणि सगळं बिऱ्हाड घेऊन आटपाडीहून निघायचा. माणदेशातलं गवत तोवर संपलेलं असायचं. घोडीच्या पाठीवर संसार, संसारावर पाय बांधलेल्या कोंबड्या, कोंबड्यांशेजारी झोळीत तान्हं पोर. महिनाभर चालत कोकणात उतरायचं. तिथल्या भाताच्या रिकाम्या वावरांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा. घाट उतरता उतरता वारं बदललं की मेंढरं नाक वर करायची, असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याचंही नाक वर व्हायचं. आता घाटात मालट्रकांची रांग असते, कुठं थांबायची सोय नाही. तरी त्याच्या बोलण्यानं ती जुनी वाट मला दिसायला लागली होती. खरं सांगायचं तर माशांपेक्षा मला त्या चार तासांचीच ओढ लागायची. हे मी क्लबात कधी बोललो नाही, कारण सेक्रेटरीनं असलं बोलू नये.

त्याची मुलगी क्रांती आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती, न बघताच. ती एसटीत कंडक्टर, आटपाडी-सांगली गाडीवर. सहलीत बापाला दोनदा फोन करायची आणि फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळ्या टेम्पोला ऐकू जायचं. "आबा, जेवलासा का? पान्याच्या कडंला जाऊ नगा." गुंडा होडीत बसून म्हणायचा, "न्हाई गं, लांबच हाय."

त्याची बायको रंगूबाई सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी आमची सहल होती. आम्ही गृहीत धरलं होतं, यंदा हा येत नाही. ठरल्या वेळी गुंडा टेम्पोपाशी उभा होता, घोंगडं काखेत. तेव्हा मी सुभेदाराला हळूच म्हणालो होतो, माणूस जरा कोरडाच. हे वाक्य मला आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

आणखी एक गोष्ट होती. दर एकदोन वर्षांनी गुंडा खाडी बदलायला सांगायचा. "साहेब, अवंदा त्या पल्याडच्या खाडीला जाऊया. तितं लय मासं हैत म्हनं." कोण म्हणालं, विचारलं तर "एकजन म्हनत हुता." आम्ही जायचो, आणि तिथं चिंगळीही लागायची नाही. अशा चार खाड्या झाल्या. एकदा तर तो माझ्या नकाशावर वाकून म्हणाला, "ह्येच्यात खाडीत बसल्याल्या मेंढीवानी खडक कुटं दिसतो का वो?" मी म्हणालो, "नकाशात मेंढ्या नसतात, गुंडा." सगळे हसले. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या डिसेंबरात दहावी सहल. यंदाची खाडीही त्याच्याच सांगण्यावरून घेतलेली. सकाळी सहाला आम्ही धक्क्यावरून निघालो. भरतीबरोबर मासा आत येतो, म्हणून आम्ही नेहमी चढत्या पाण्यात जायचो आणि पाणी उतरायच्या आत परतायचो. माझ्या हिशेबानं पूर्ण भरती आठला, परतायची वेळ नऊ. सुभेदार, मी, गुंडा आणि होडीचा तांडेल. बाकीचे दुसऱ्या होडीत, ते पुढं निघून गेले.

साडेआठला माझ्या दोरीला जोराचा हिसका बसला. जिताडा! दहा वर्षांत असला मासा कुणाच्या गळाला लागला नव्हता. एकदा उसळून वर आला तेव्हा त्याचं चांदीसारखं अंग बघून सुभेदार ओरडला, "शाबास! ढील दे, ढील दे!" मासा कांदळाच्या झाडीकडं, एका बारक्या फाट्यात घुसला. तांडेल म्हणाला, "साहेब, आत नको, पाणी उतराया लागलंय." मी खिशातला कागद फडकावला आणि म्हणालो, अजून वेळ आहे. त्या कागदावर मी भरतीची वेळ लिहिली होती. पण बारक्या फाट्यातलं पाणी किती झटक्यात रितं होतं, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. तास-दीड तास मी त्या माशामागं होतो. शेवटी दोरी मुळांत गुंतली, तुटली आणि मासा गेला. मागं वळलो तर होडीचा तळ चिखलात रुतलेला.

"आता सांजच्या सहा-साडेसहाला," तांडेल बिडी पेटवत म्हणाला. "पाणी परत चढल्याबिगर हलायची नाय."

चूक माझी होती, म्हणून मी दुसऱ्यावर चिडलो. आधी तांडेलावर, मग दोरीवर, मग गुंडावर. "तुझ्यामुळं आलो ह्या भिकार खाडीत! आणि ते घोंगडं टाक बाहेर, डोकं उठलंय त्याच्या वासानं!"

 गुंडानं पायापाशी ठेवलेलं घोंगडं उचललं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

ऊन वर चढलं. दशम्या खाऊन झाल्या. पाणी हळूहळू उतरत होतं, काठाचा चिखल उघडा पडत होता, खेकडे पळत होते. गुंडा टक लावून बघत बसला होता. मध्येच म्हणाला, "साहेब, पानी कुटं गेलं?"

"कुठं जाणार? ओहोटी आहे."

"ती समुद्राला असती न्हवं? ही तर नदी."

मी त्याला समजावलं की खाडी म्हणजे समुद्रच आत आलेला, दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, काही जागी पुरुषभर. आटपाडीच्या माणसाला पाण्याचं एवढंच ठाऊक, की तलाव पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात आटतो. सकाळचं पाणी दुपारी जागेवर नसतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि आम्ही त्याला नऊ वर्षं भरलेल्या पाण्यातच फिरवलं होतं.

बाराच्या सुमाराला फाट्याच्या तोंडाशी, मोठ्या खाडीत, पाण्यातून काहीतरी काळं वर यायला लागलं. आधी पाठ, मग खाली घातलेली मान. अर्ध्या तासात पाय पोटाशी घेऊन बसलेली मेंढी दिसायला लागली, आणि तिच्यापासून काठापर्यंत दगडांची एक ओळ.

गुंडा उभा राहिला. होडी हलली, तांडेल ओरडला. "ह्येच," गुंडा म्हणाला. "ह्येच की वो!" आणि घोंगडं पोटाशी धरून खाली बसला.

मग त्यानं सांगितलं. दहा वर्षांत बोलला नसेल एवढं एका दमात सांगितलं.

चाळीस वर्षांपूर्वी तो, रंगूबाई आणि त्याचा बाप कळप घेऊन इथंच कुठं तरी उतरले होते. वरच्या वावरात तळ होता. रंगूबाई तिथंच पालात बाळंत झाली. तिला ताप भरला, अंगावर दूध उतरेना. शेळीचं पाजलं, मेंढीचं पाजलं, पोर सगळं ओकून टाकायचं. चौथ्या दिवशी पोराचं रडणंही बंद झालं. तेवढ्यात सुकट विकायला एक खारवीण, म्हणजे तिकडची कोळीण, तळावर आली. तिनं पोराकडं बघितलं, पाटी खाली ठेवली आणि पदराखाली घेतलं.

"तिचं सोताचं पोर म्हैन्याआदी गेलं हुतं," गुंडा म्हणाला. "दूद आटलं नव्हतं. आमची जात न्हाई इचारली, गाव न्हाई इचारलं. रंगीला आन् पोरीला बारक्या होडीत घालून पल्याड तिच्या घरी न्हेलं. मी सोडाय गेलतो तवा ह्यो खडक बगितला. बारा दिस पाजलं बगा तिनं. मग म्हातारा थांबंना. मेंढरं हलवायची हुती, म्हाताऱ्याफुडं बोलायची छाती नव्हती. पाटच्याला मी जाऊन दोगींना आनलं. ती बाय नवऱ्यासंगं मासं धराय गेलती. सांगाय सुदा गावली न्हाई. पोर दोन दिसापासनं परत मान टाकून हुतं."

"नाव काय तिचं?" सुभेदारानं विचारलं.

"रंगी तिला ताई म्हनायची. गावाचं नाव आमाला कशाला लागतंय? आमी चारा बगून जानार."

रंगूबाईनं त्याच वर्षीच्या कोकराच्या लोकरीचं सूत काढलं आणि आटपाडीच्या सणगराकडून घोंगडं विणून घेतलं. दूध देणाऱ्या बाईला आपल्या कळपाची लोकर द्यायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढच्या साली म्हातारा वारला. चुलत्यानं कळप कृष्णाकाठाला वळवला, मग मेंढरंच गेली. घोंगडं पेटीत राहिलं. दर पावसाळ्यानंतर रंगूबाई त्याला ऊन दाखवायची, कडूलिंबाचा पाला घालायची आणि परत घडी करायची. मग कारखान्याच्या गेटवर सुभेदारानं खाडीत जाण्याची गोष्ट काढली. काठावरनं शोधून गुंडाला ती जागा सापडणार नव्हती, कारण त्यानं ती पाण्यातून बघितली होती.

"जाताना रंगी म्हनली, माज्या मागं तेवडं घोंगडं पोचतं करा," तो म्हणाला. "म्हनून दोन म्हैन्यात आलो. मानसं काय म्हनतील ते म्हनूद्यात म्हटलं."

मी चिखलाकडं बघत बसलो. दुसरीकडं बघायचं धाडस नव्हतं.

सुभेदाराच्या गुडघ्यात स्टीलचे सांधे, त्याला चिखलात उतरणं शक्य नव्हतं. त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. हुकूम द्यायची सवय अजून गेलेली नाही. मी नवेकोरे पांढरे बूट काढले, पँट वर केली आणि उतरलो. गुंडा पुढं, मी मागं. मांडीपर्यंत चिखल, खाली शिंपल्यांची धार. पन्नास पावलांवर गुंडा धडपडला. पडता पडता त्यानं घोंगडं डोक्यावर उचललं, पण दुसऱ्यांदा पडला असता. "आण इकडं," मी म्हणालो. तो क्षणभर थांबला. मग त्यानं ते माझ्या हातांत दिलं. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. मी ते डोक्यावर धरलं आणि त्या वासासकट दगडांच्या ओळीपर्यंत नेलं.

काठावर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट होती, वर दहाबारा घरं. बहुतेक नवी, स्लॅबची. गुंडा गोंधळून उभा राहिला. विहिरीवर एक सून कपडे धूत होती. चिखलानं माखलेले दोन म्हातारे बघून ती उठून उभी राहिली. गुंडानं हात जोडले. "बाय, चाळीस वर्सामागं हितल्या एका बाईनं धनगराच्या पोरीला पाजलं हुतं. हैती का ती?"

सून आमच्याकडं बघतच राहिली. मग तिनं घराकडं तोंड करून हाक मारली, "आत्या, जरा भायेर या."

ओटीवर सुकट निवडत बसलेली म्हातारी उठली. सत्तरीच्या घरातली, बारकी, हाताला सुक्या जवळ्याचा भुगा. तिनं गुंडाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. माझ्या हातातल्या घोंगड्याकडं बघितलं.

"धनगर?" तिनं विचारलं.

गुंडानं मान डोलावली.

म्हातारीनं खांब धरला. "पोरगी जगली?"

गुंडा चाळीस वर्षं काय काय बोलायचं ठरवत आला असेल, देव जाणे. त्यातलं एक अक्षर त्याला आठवलं नाही. पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आम्ही समजत होतो, ह्याचं एक काम राहिलंय, ते उरकायला हा वणवण फिरतोय. पण इथं ही बाई तेवढीच वर्षं, एक परक्याचं पोर जगलं का मेलं हे न कळता बसली होती. सुनेनं नंतर सांगितलं, आत्या वरच्या वावरात मेंढरं बसली की दर साली जाऊन विचारायची, रंगूबाईच्या तोंडून ऐकलेल्या आटपाडीचे कुणी आहेत का. मग मेंढरंच यायची थांबली.

"अरे, बोल की तिला," मी गुंडाला म्हणालो. त्याला जमेना. शेवटी मीच म्हणालो, "जगली, आजी. चांगली धडधाकट आहे. एसटीत कंडक्टर आहे."

तिचा विश्वास बसेना. रडणाऱ्या बापाकडं बघून कुणाचा बसला असता? मी गुंडाच्या खिशातून फोन काढला. रेंज नाही. गुडघे माझेही काही नवे नव्हेत, पण त्या दिवशी मी घरामागची चढण पळत चढलो. वर जांभ्याच्या बांधावर दोन दांड्या आल्या. खालून सुनेनं म्हातारीला हाताला धरून वर आणलं, मागनं गुंडा. फोन लागला. मी स्पीकर चालू केला.

"आबा, ड्युटीवर हाय, काय असंल ते झटक्यात सांगा," क्रांतीचा आवाज आला, आणि लगेच फोनपासून बाजूला, "आवं फुडं सरका की! दार सोडा! मागं आख्खी गाडी मोकळी हाय, आन् दारात काय लगीन लागलंय का?"

 म्हातारीनं फोनजवळ कान नेला. नेण्याची काही गरज नव्हती.

"आबा? आबा, बोलत का न्हाईसा? पान्यात पडलासा का काय? हॅलो!"

"हीच ती," म्हातारी म्हणाली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "दूद प्यायलं की अशीच वरडायची. सगळी वाडी उठवायची."

"कोन बोलतंय?" क्रांतीनं विचारलं.

गुंडानं फोन घेतला. "क्रांते," तो म्हणाला, "तुजी दुदाची आई गावली."

 पलीकडं डबल बेल वाजली आणि फोन बंद झाला. नंतर कळलं, तिनं पुढच्या थांब्यावर गाडी पाच मिनिटं उभी केली होती. पहिल्यांदाच, आणि एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही.

म्हातारीचं नाव धोंडुबाई. ते त्या दिवशी गुंडाला कळलं. ओटीवर परत आल्यावर त्यानं घोंगडं माझ्याकडून घेतलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याची घडी मोडली. कडूलिंबाची वाळलेली पानं ओटीभर सांडली. काळंभोर, काठाला पांढरी रेघ, एक भोक नाही. त्यानं ते तिच्या खांद्यांवर घातलं आणि पायांवर डोकं ठेवलं.

दुपारचे दोन वाजले होते. कोकणातलं ऊन, वारा पडलेला, आमच्या अंगाची लाही होत होती. सून म्हणाली, "आत्या, काढा आता, घामानं भिजलात." धोंडुबाईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. घोंगड्याची दोन्ही टोकं हातांत घट्ट धरून ती गुंडाला एकेक विचारत बसली, पोरीला पहिला दात कधी आला, चालली कधी, शाळा किती झाली, लग्नात काय नेसली होती. पाणी चढून आमची होडी हलेपर्यंत तिनं ते अंगावरून काढलं नाही.